छेन्याचा गोळा आणि शिंदीचा गूळ

गेल्या अंकात मी नागपूरच्या धंतोलीतल्या दुर्गापूजेच्या अष्टमीच्या भोगाविषयी लिहिलं होतं. भाजलेल्या मुगाच्या डाळीची खिचुडी, सगळ्या भाज्यांचा लाबडा, बेगुनी म्हणजे वांग्याची भजी, टोमॅटोची गोड चटणी आणि शेवटी पायेश, म्हणजे खीर. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर बंगाली स्वयंपाकालाच देते आहे. मी बंगाली नाही. वडील रेल्वेत होते. मोतीबागेच्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला लागून एक बंगाली कुटुंब राहायचं. त्या घरातल्या काकीमांच्या हाताखाली मी सातवीपासून लग्न होईपर्यंत शिकले. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं त्यांचंच आहे.

मी तीनदा रसगुल्ले केले. पहिल्यांदा पाकात फुटून लगदा झाला, दुसऱ्यांदा रबरासारखे झाले, तिसऱ्यांदा छान फुगले पण गॅस बंद केल्यावर चपटे पडले. व्हिडिओत सगळ्यांचे होतात. माझं काय चुकतं?
*एक गृहिणी, मनीषनगर*

ताई, तुम्ही दूध कोणतं घेतलं ते पत्रात लिहिलं नाही, आणि माझा पहिला प्रश्न तोच आहे. आपल्याकडे घरोघर म्हशीचं दूध येतं. चहाला, दह्याला, खव्याला ते उत्तमच. पण त्याचा छेना, म्हणजे दूध फाडून गाळलेला गोळा, घट्ट आणि दाणेदार होतो, मळून मऊ होत नाही. रसगुल्ल्याला गाईचं दूध हवं. वर्ध्याला जाणं-येणं असेल तर गोरस भांडाराचं दूध आणा. नाहीतर पिशवीवर ‘गाईचं दूध’ असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. एका लिटरमधून 150 ते 175 ग्रॅम छेना निघतो.

दूध उकळलं की गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लिंबाचा दोन चमचे रस तेवढ्याच पाण्यात मिसळून एकेक चमचा सोडा, हळू ढवळा. हिरवट पाणी वेगळं दिसलं की लिंबू थांबवा आणि लगेच गंजात, म्हणजे पातेल्यात, पेलाभर गार पाणी ओता. फाटलेलं दूध गरम राहिलं तर छेना चिवट होत जातो. तुमचे दुसऱ्या वेळचे रबरी रसगुल्ले बहुधा इथेच बिघडले. मग कापडात गाळा, लिंबाचा आंबटपणा जाईपर्यंत पाण्यानं धुवा आणि तीस-चाळीस मिनिटं टांगा. नागपूरच्या मे महिन्यात तेवढा वेळही जास्त होतो, छेना आंबट वास मारायला लागतो. उन्हाळ्यात मी रसगुल्ले करतच नाही.

आता मळणं. कोपरात, म्हणजे परातीत, छेना पसरा आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं घासत पुढे ढकला, गोळा करा, पुन्हा ढकला. आठ ते दहा मिनिटं. तळव्याला किंचित तूप लागल्यासारखं वाटलं की थांबायचं, त्यापुढे मळलं तर तूप सुटतं. गोळ्या लहान करा, कारण त्या दुपटीनं फुगतात. गोळीवर एकही भेग नको. पाक म्हणजे इथे गोड पाणीच असतं. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. ते खळखळून उकळत असतानाच गोळ्या सोडायच्या, झाकण ठेवायचं आणि पंधरा मिनिटं उकळी मोडू द्यायची नाही. पाणी आटून पाक दाटू लागला की कडेनं थोडं उकळतं पाणी घाला. तुमच्या पहिल्या खेपेला छेन्यात पाणी राहिलं असणार किंवा उकळी मंद असणार, म्हणून ते फुटले. तिसऱ्या खेपेला पाक दाटला असणार, म्हणून फुगलेले गोळे बसले.

मी चौदा वर्षांची असताना काकीमांना न विचारता आमच्या घरच्या म्हशीच्या दुधाचा छेना काढला होता. गोळ्या वळून त्यांच्याकडे दाखवायला नेल्या. त्यांनी एक गोळी दोन बोटांत धरून अलगद दाबली. मधोमध चीर पडली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “याचं गोड नाही होणार ग, तिखट होईल.” त्याच छेन्यात थोडा मैदा, आलं आणि मीठ घालून त्यांनी चपटे वडे तळले. बटाट्याच्या फोडी टाकून जिरं-आल्याचा रस्सा केला आणि त्यात ते वडे सोडले. छानार दालना म्हणतात त्याला, कांदा-लसूण काही नाही. तेव्हापासून माझ्या घरात बिघडलेला छेना फेकला गेलेला नाही. तुम्हीही चौथ्यांदा कराल तेव्हा पाकात टाकण्याआधी एक गोळी अशी दाबून बघा. भेगाळली तर सरळ दालना करा.

रसगुल्ला बंगालचा की ओडिशाचा? होस्टेलमध्ये पैज लागली आहे.
*अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी, हिंगणा रोड*

पैज दोघांनी वाटून घ्या. कोलकात्याच्या बागबाजारात नवीनचंद्र दास यांनी 1868 मध्ये आज आपण खातो तसा पांढरा, जाळीदार रसगुल्ला केला, असं बंगाल मानतो. त्यांचे पुत्र कृष्णचंद्र यांच्या नावाच्या दुकानानं 1930 मध्ये तो डब्यात भरून विकायला सुरुवात केली. म्हणून तो देशभर गेला. ओडिशाचं म्हणणं असं की पुरीला रथयात्रेहून परतल्यावर रुसलेल्या लक्ष्मीची समजूत काढायला जगन्नाथ रसगोला देतात आणि ही रीत फार जुनी आहे. भौगोलिक मानांकन दोघांनाही मिळालं आहे. ‘बांग्लार रसगोल्ला’ला 2017 मध्ये, ‘ओडिशा रसगोला’ला 2019 मध्ये. ओडिशाचा जास्त मऊ आणि तांबूस असतो, बंगालचा पांढरा आणि दाबला तर परत उभा राहणारा. मला दोन्ही आवडतात, पण हातात बंगालचाच बसला आहे.

शोंदेश म्हणजे शेवटी पेढाच ना?
*वाचक, महाल*

नाही हो. पेढा खव्याचा, म्हणजे आटवलेल्या दुधाचा. शोंदेश छेन्याचा, म्हणजे फाडलेल्या दुधाचा. छेना आणि साखर किंवा गूळ मंद आचेवर लाकडी उलथन्यानं परतायचा. लवकर उतरवला तर नरम पाक, तो दोन दिवसांत संपवावा लागतो. जास्त परतला तर कडा पाक, तो साच्यात दाबता येतो आणि टिकतो. मासा, शंख, फूल असे साचे असतात. चंदननगरचा जलभरा म्हणून एक शोंदेश आहे. ताडगोळ्याच्या आकाराच्या त्या शोंदेशाच्या पोटात गुलाबपाणी भरलेलं असतं, बेसावधपणे चावलं तर हनुवटीवर ओघळतं. घरी करायचा असेल तर नरम पाकापासून सुरुवात करा. 250 ग्रॅम छेन्याला 75 ग्रॅम पिठीसाखर, जाड बुडाची कढई, दहा मिनिटांच्या आत उतरवायचा. कोरडा दिसेपर्यंत परतत राहिलात तर वाळूसारखा होईल.

दुकानात ‘नोलेन गुडाचे रसगुल्ले’ मे महिन्यातही मिळतात. चव साध्या गुळासारखीच लागली. हा गूळ नक्की कसला असतो आणि इथे मिळेल का?
*निवृत्त शिक्षक, सक्करदरा*

सर, हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. या गुळाविषयी सांगायची संधी मी शोधतच होते.

नोलेन गुड म्हणजे शिंदीच्या रसाचा नवा गूळ. आपलीच शिंदी, नाल्याकाठी, बांधावर उभी असते ती. आपल्याकडे तिच्या पानांची केरसुणी होते, दिवाळीत लक्ष्मी म्हणून तिला हळदकुंकू वाहतो. रस मात्र आपल्याकडे आंबवून प्यायला गेला, म्हणून शिंदी हे नावच बदनाम झालं. बंगालमध्ये त्याच रसाचा गूळ होतो. रस काढणाऱ्याला तिथे शिउली म्हणतात. तो हिवाळ्याच्या तोंडाला खोडाचा वरचा भाग तासतो, संध्याकाळी मडकं बांधतो आणि सूर्य उगवायच्या आत उतरवतो. ऊन लागलं की रस आंबू लागतो, मग गूळ चांगला होत नाही. रात्र जितकी थंड तितका रस स्वच्छ आणि गोड. झाडाला मधे काही दिवस विश्रांती देतात, आणि विश्रांतीनंतरच्या पहिल्या रसाचा गूळ सगळ्यांत सुवासिक होतो. रस उथळ, पसरट कढईत आटवतात. पातळ ठेवला तर झोला गुड, साच्यात ओतून घट्ट केला तर पाटाली.

मे महिन्यात ताजा नोलेन गुड असूच शकत नाही. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीचा. माझ्याही वाट्याला एकदा उन्हाळ्यात असाच डबा आला होता. झाकण उघडलं तर जळक्या साखरेचा वास, रंग मात्र हुबेहूब. खऱ्या गुळाला किंचित धुराचा वास असतो आणि तो नाकापर्यंत आधी पोचतो, जिभेपर्यंत नंतर. खरी पाटाली बोटानं दाबली की सहज तुटते, आतून मऊ असते. साखर मिसळलेली दगडासारखी आणि चकचकीत असते, मोडली तर खडे दिसतात.

नागपुरात तो मिळवण्याची माझी पद्धत सांगते. हावड्याहून येणाऱ्या गाड्या आपल्या स्टेशनावर थांबतात आणि डिसेंबर-जानेवारीत तिकडून येणारं कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच. त्यांना अर्धा किलो पाटाली आणायला सांगायची. कागदात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली तर उन्हाळ्यापर्यंत पुरते. जमलं तर जयनगरचा मोआही मागवा. कनकचूर नावाच्या सुवासिक भाताच्या लाह्या आणि हाच गूळ यांचा लाडू असतो तो. 2015 पासून त्याला मानांकन आहे. पण तो ताजाच खायचा, आठवडाभर ठेवायची चीज नाही ती.

वापरताना एकच पथ्य. दूध आटवून गॅस बंद करायचा, थोडं निवू द्यायचं, मगच गूळ घालायचा. उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं. आपल्या गुळाच्या खिरीला आपण हेच करतो.

जाता जाता एक. वर्ध्याला मुक्काम असताना गांधीजींनी ताडगुळाचा मोठा पुरस्कार केला होता. या झाडांचा रस ताडीत जाण्याऐवजी गोडात जावा, गरिबाला घरचा गूळ मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या जिल्ह्यांत शिंदी अजून उभी आहे. कोणा बचतगटानं पहाटे रस उतरवून पाटाली केली, तर मी पहिली गिऱ्हाईक असेन. पत्ता संपादकांकडे आहेच.

माझ्या मुलानं बंगाली मुलीशी लग्न केलं. दोघं बंगळुरूला असतात. संक्रांतीला सून पहिल्यांदाच चार दिवस राहायला येते आहे. आमचं घर पूर्ण शाकाहारी. रसगुल्ले दुकानातून आणीन, पण जेवायला काय करू? मासे नाहीत म्हणून पोर उपाशी राहील का, याचाच घोर लागला आहे.
*एक सासूबाई, नरेंद्रनगर*

ताई, घोर अजिबात लावून घेऊ नका. बंगालमध्ये मासा शुभ खरा. लग्नात मुलीकडे अख्खा रोहू सजवून पाठवतात. पण त्यांच्या शाकाहारी स्वयंपाकाइतका बारकाईचा स्वयंपाक मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्यामागची गोष्ट दुःखाची आहे. पूर्वी तिथल्या विधवांना मासे, मटण, कांदा, लसूण, एवढंच काय मसुराची डाळसुद्धा वर्ज्य असायची. काहींचं वैधव्य दहाव्या-बाराव्या वर्षी सुरू व्हायचं. त्या बायकांनी सालीपासून देठापर्यंत जे हाती लागलं त्यातून चव काढली. भोपळ्याच्या साली, फ्लॉवरचे दांडे, केळीचा गाभा. आज ज्याला आपण कौतुकानं बंगाली शाकाहारी जेवण म्हणतो, त्यातलं कितीतरी त्यांच्या चुलीवरून आलं आहे. काकीमांच्या सासूबाई अशाच होत्या. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी. त्यांच्या हातचं जेवलेलं मला आठवतं, आणि त्या स्वतः एका वेळेलाच जेवायच्या हेही.

बंगाली जेवण एकदम ताटभर वाढत नाहीत, एकेक करून येतं. आधी कडू, मग पालेभाजी, मग डाळ आणि तिच्यासोबत काहीतरी तळलेलं, मग भाज्या, मासे, मटण. शेवटी गोड चटणी-पापड, आणि सगळ्यांत शेवटी दही नि मिठाई. प्रत्येकाबरोबर वेगळा भात कालवायचा. तुम्ही सुनेला पहिल्या दुपारी कडवटापासून वाढलंत, तर तिला लगेच कळेल की या घरानं आपल्यासाठी काही विचारून ठेवलं आहे.

ते कडू म्हणजे शुक्तो. तो दुपारीच करतात, रात्री नाही. कारलं, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, वांगं, रताळं, थोडी कच्ची पपई, सगळं बोटाएवढं लांबट चिरा. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून थोडं निवू द्या. आधी वड्या तळून काढा. बंगाली बोरी नसेल तर आपल्या घरच्या मुगवड्या चालतात, मी त्याच घालते. मग कारलं वेगळं परतून काढा. त्याच तेलात तमालपत्र आणि पाँचफोरन. मेथी, जिरं, कलौंजी, बडीशेप आणि रांधुनी असे पाच दाणे असतात त्यात. रांधुनी ओव्यासारखी दिसते, ती मिळाली नाही तर मोहरी घाला. भाज्या कठीण ते मऊ अशा क्रमानं टाका, आल्याचा वाटलेला गोळा घाला, पाणी घालून शिजवा. शेवटी चमचाभर वाटलेली मोहरी, अर्धी वाटी दूध, चिमूटभर साखर, परतलेलं कारलं आणि वड्या. उतरवताना चमचाभर तूप. हळद नाही, तिखट नाही, कांदा-लसूण नाही. आपल्या नागपुरी हाताला तिखटाचा डबा उघडायची फार सवय असते. या एका भाजीपुरता तो बंद ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुची आणि छोलार डाल. लुची म्हणजे मैद्याची पुरी. पिठाला तुपाचं मोहन घालायचं आणि तळताना लाल होऊ द्यायची नाही, पांढरीच काढायची. छोलार डाल म्हणजे हरभऱ्याची डाळ. त्यात खोबऱ्याचे बारीक काप तळून घालतात, तमालपत्र, जिरं, आलं, थोडी साखर. तिसऱ्या दिवशी केळफूल. मोचार घोंटो म्हणतात. प्रत्येक फुलातली कडक काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, बारीक चिरून हळद-मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी उकडून पाणी काढायचं. मग बटाटा, ओलं खोबरं, गरम मसाला, तूप. ही भाजी करायला वेळ लागतो. केळफूल साफ करायला सुनेला सोबत घ्या, तेवढ्या वेळात दोघींचं खूप बोलून होईल.

आणि संक्रांत! त्यांच्याकडे ती पौष संक्रांत, पिठ्यांचा, म्हणजे पिठाच्या गोड पदार्थांचा सण. तुमचा तिळगूळ असू द्याच. बरोबर पाटिशाप्टा करा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी तांदळाची पिठी, पाव वाटी बारीक रवा, दुधात सरबरीत भिजवून अर्धा तास ठेवा. सारण आपल्या मोदकाचंच, ओला नारळ आणि गूळ, नोलेन गुड मिळाला तर सोन्याहून पिवळं. तव्यावर पातळ घावन घाला, मधोमध सारणाची लांबट वळी ठेवा आणि गुंडाळा. तव्याला तेल लावायला काकीमा वांग्याचं देठ वापरायच्या, आपण अर्धा कांदा वापरतो तसं.

एक शेवटचं सांगते, आणि ते सगळ्यांत आधी करा. तिच्या आईला फोन करा. विहीणबाईंना बंगालीत ‘बेयान’ म्हणतात. विचारा, बेयान, तुमच्या घरी शुक्तो कसा करतात? कारण पूर्व बंगालातून आलेल्या घरांचा हात तिखटाकडे जातो आणि पश्चिमेकडच्यांचा साखरेकडे. मी लिहिलेला शुक्तो मोतीबागेतल्या एका घरचा आहे. तुमच्या सुनेच्या जिभेवर तिच्या आईचा असेल.

आमच्याकडे यंदा आंबिया बहराची संत्री बरी आली, पण भाव नाही. घरच्या संत्र्यांचं बर्फीशिवाय काही गोड सांगा.
*शेतकरी कुटुंबातील वाचक, काटोल तालुका*

तुमची संत्री कोलकात्याच्या बाजारात विकली जातात हे तुम्हाला ठाऊकच आहे. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवल्यावर काटोल-वरुडकडे काय झालं तेही तुम्हीच मला सांगू शकाल. तिकडे संत्र्याला कमलालेबू म्हणतात आणि हिवाळ्यात त्याची खीर करतात. ‘कोमोला खीर’. आमच्या घरी डिसेंबरात ती दर रविवारी होते.

दोन लिटर दूध मंद आचेवर आटवून पाऊण लिटर करा. साखर बेतानं, चार-पाच चमचे. वेलची नको, संत्र्याचा वास दबतो. दूध पूर्ण गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच गोड संत्र्यांच्या फोडींची पांढरी साल आणि बिया काढून आतला गर अख्खा राहील असा सोडवा. गरही गार करा. वाढायच्या दहा मिनिटं आधीच दोन्ही एकत्र करा. गर कोमट दुधात पडला किंवा संत्रं आंबट असलं तर दूध फाटलंच म्हणून समजा. रस घालायचा नाही, फक्त गर. म्हणून झाडावर पूर्ण पिकलेलं, साल सैल झालेलं फळ घ्या. बाजारात पाठवायला घाईनं तोडलेलं नको. ती निवड तुमच्याइतकी कोणाला जमणार!

खसखस इतकी महाग असताना बंगाली लोक तिची भाजी कशी करतात?
*वाचक, इतवारी*

अफूच्या बोंडातलं बी म्हणजे खसखस, आणि अफूची शेती आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत परवान्यानंच होते. म्हणून भाव. कंपनी सरकारच्या काळात अफू काढून घेतल्यावर बी उरायचं. ते बांकुरा, बीरभूम, बर्धमान या कोरड्या भागांतल्या बायकांनी पाट्यावर वाटून खायला सुरुवात केली, असं सांगतात. आज तो गरिबाचा पदार्थ राहिलेला नाही. आपण सावजी रश्श्यात ती दाटपणासाठी घालतो, तिकडे आलू पोस्तोत, म्हणजे बटाटा-खसखशीच्या भाजीत, तीच मुख्य. चौघांना 50 ग्रॅम पुरते. दोन तास भिजवून हिरव्या मिरचीबरोबर वाटा. मोहरीच्या तेलात कलौंजी, बटाट्याच्या लहान फोडी, मीठ, मग वाटण, झाकण. हळद नको. सोबत बडीशेप-आल्याची पातळ उडदाची डाळ आणि भात. उन्हाळ्याच्या दुपारी याच्याइतकं शांत जेवण नाही.

नागपुरात बंगाली कुटुंबं कशी आली?
*महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धरमपेठ*

मुख्यतः रेल्वेनं आणि शिक्षण-वकिलीनं. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी 1887 मध्ये स्थापन झाली आणि 1891 पर्यंत नागपूरहून आसनसोलपर्यंत रूळ गेले. बाबू, गार्ड, हिशेबनीस तिकडून आले. नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे इथे वकिली केलेले बंगाली गृहस्थच होते.

पण ओळख त्याहून जुनी आहे, आणि ती गोड नाही. 1741 ते 1751 या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर पुन्हा पुन्हा गेल्या. खंडणी, जाळपोळ, लूट. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला आणि बर्गी आले म्हणून बाळांना निजवायची अंगाईगीतं झाली. काकीमांनी हे मला एका दुपारी नारळाचे नाडू, म्हणजे लाडू, वळताना सांगितलं. मी इतिहासात भोसल्यांच्या पराक्रमावर पानभर लिहून आले होते. त्यांनी हात थांबवला नाही, रागही नव्हता. म्हणाल्या, “माझी आजी मला याच गाण्यानं झोपवायची. आणि बघ, मी बर्गींच्या गावात राहायला आले.” मग पहिला नाडू माझ्या हातावर ठेवला. कोजागिरी होती. त्यांच्याकडे त्या रात्री लक्ष्मीपूजा, आमच्याकडे गच्चीवर आटीव दूध. त्यांचे नाडू आमच्या गच्चीवर आले आणि आमचं दूध त्यांच्या देवीपुढे गेलं, आणि मी सासरी जाईपर्यंत दरवर्षी तसंच चाललं.

दुरुस्ती: गेल्या अंकात भापा दोईची, म्हणजे वाफवलेल्या दह्याची, कृती दिली होती. त्यात मी ‘एक वाटी दही’ असं लिहिलं होतं. चंद्रपूरच्या एका वाचक ताईंनी कळवलं की त्यांच्या दह्याला पाणी सुटून वरचा थर फाटला. चूक माझी आहे. दही चार तास टांगून काढलेला चक्का एक वाटी घ्यायचा, त्यात एक वाटी आटवलेलं गोड दूध आणि अर्धी वाटी साधं दूध, गाठी राहणार नाहीत असं फेटून. भांड्यावर झाकण घट्ट बांधा, वाफेचं पाणी आत पडता कामा नये. मध्यम आचेवर वीस मिनिटं, मग तसंच निवू द्या, आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवल्यावरच सुरी लावा.